ड्रॉपचे वर्ष आणि धानाची बांधी

बारावीनंतर वर्षभर थांबणे याला आपल्याकडे एकच अर्थ उरला आहे: ड्रॉप. लातूर, पुणे किंवा नागपूरला खोली घ्यायची आणि वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा पुन्हा द्यायची. थांबायचेच असेल, तर त्यातला एक खरीप हंगाम गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या धानशेतीत काढण्याची वाट तरुणांना मोकळी हवी, असे मला ठामपणे वाटते. आठवडाभराचे शिबिर मात्र पुरणार नाही. बाबा आमटे यांनी मूल तालुक्यातल्या सोमनाथला 1967 मध्ये श्रमसंस्कार छावणी सुरू केली. हजारो मुलांच्या हातांना तिथे पहिल्यांदा माती लागली, ते मोलाचेच आहे. पण मे महिन्यातल्या आठ दिवसांत श्रमाची ओळख होते, शेतीची होत नाही. धानाचे खरे शिक्षण निर्णयांत असते. मृगाच्या सरींवर पऱ्हे (रोपे) टाकले आणि पावसाने खंड दिला, तर चिखलणी केव्हा करायची? पऱ्हे जून झाले तर फुटवे कमी येतात. घाई करावी तर बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, पाणी टिकत नाही. जुलैत घेतलेल्या निर्णयाचे फळ हलक्या धानात ऑक्टोबरला दिसते, भारी धानात आणखी उशिरा. मधल्याच आठवड्यात निघून गेलेल्याला आपण काय चुकलो हे कधीच कळत नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले. 1983 मध्ये 'पटेल-3' धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी जपले, वर्षामागून वर्ष निवडून पेरले, आणि एचएमटी हे वाण उभे राहिले. ती नजर एका हंगामात कुणाला येणार नाही. पण अशी नजर असते, हे उमगायला तरी एक अख्खा हंगाम लागतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप एटापल्लीकडूनच येऊ शकतो. रोवणीत अडाणी हात म्हणजे अडचण. शिवाय रोवणी हा तिथल्या बायांचा मजुरीचा हंगाम. फुकट राबणारा शहरी मुलगा त्यांची रोजी बुडवणार असेल, तर त्याने येऊच नये. म्हणून त्याने मजुराच्या जागी नव्हे, शिकाऊ उमेदवार म्हणून यावे, आणि राहण्याजेवणाचे पैसे यजमान कुटुंबाला चुकते करावेत. कुणाला ठेवायचे हे ग्रामसभेने ठरवावे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखालच्या या तालुक्यात तोच रास्त मार्ग आहे. इथल्या माडिया आदिवासी कुटुंबांचे भले करायला कुणी निघाला असेल, तर त्याला नकार मिळालेलाच बरा. एटापल्लीच्या स्वतःच्या पोरांसाठी शेती ही सुट्टी नाही, हेही खरे. त्यांना वर्षभर थांबण्याची चैन नसते, म्हणूनच अशा योजनेत शिकवणाऱ्या कुटुंबाला मोबदला हवा.

आईवडिलांची भीतीही खोटी नाही. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की गावांचा संपर्क तुटतो, आणि हिवतापाचा धोका इथे मोठा आहे. मच्छरदाणी, ताप येताच रक्ततपासणी आणि रस्त्याजवळच्या गावांची निवड, एवढे पाळता येत नसेल तर मुलांना पाठवू नये. पण बंदूक आणि सुरजागडचे लोहखनिज, एवढ्यावरच ज्यांना हा तालुका माहीत आहे, ते उद्या अधिकारी, अभियंते, पत्रकार होऊन त्याच्याविषयी निर्णय घेणार आहेत. खाणीच्या बाजूचे असोत वा विरोधातले, डोंगराखालच्या बांधीत पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे त्यांनी पाहिलेले असावे.

वर्ष वाया जाईल, या आक्षेपाला उत्तर धोरणातच आहे. वर्ध्याच्या 1937 च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची मांडणी केली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची आणि श्रेयांक साठवण्याची सोय दिली. गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. जून ते डिसेंबर हा धानाचा हंगाम जवळपास एका सत्राएवढाच. विद्यापीठाने त्याला श्रेयांक द्यावेत, आणि मूल्यमापनात यजमान शेतकऱ्याचाही शब्द धरावा. अर्ज एप्रिलमध्ये ग्रामसभेसमोर जावेत, म्हणजे पऱ्हे टाकण्याआधी निवड होईल. प्रमाणपत्र मात्र मळणी आटोपल्यावरच मिळावे.