रुबी, फ्लोरेन्स आणि चेऊलकर : ज्यू चित्रपट महोत्सव आपल्या गावी का हवा?

१/१२
१९८० साली डेबोरा कॉफमन यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ज्यू चित्रपट महोत्सव सुरू केला. या प्रकारचा तो जगातील पहिला महोत्सव मानला जातो. पुढे अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. असा महोत्सव मुंबई, ठाणे, पुणे किंवा अलिबाग येथे दरवर्षी भरावा, असे माझे मत आहे. मात्र त्याचा आराखडा परदेशातून उसना आणू नये. त्याचे कारण या धाग्यात मांडतो.

२/१२
परदेशी महोत्सवांत ज्यू जीवनावरचे चित्रपट दाखवतात. आपल्याकडे तेवढ्याने भागणार नाही. बिमल रॉय यांचा ‘यहुदी’ (१९५८) घ्या. कथा ज्यूंची, पण मुख्य भूमिकांत दिलीपकुमार, मीनाकुमारी आणि सोहराब मोदी. त्यांच्यापैकी एकही ज्यू नव्हे. उलट जे कलावंत खरोखर ज्यू होते, ते मोगल दरबारात, झोपडपट्टीत आणि क्लबांत दिसतात. आपला वारसा कथेत नसून श्रेयनामावलीत आहे.

३/१२
थोडी पार्श्वभूमी. कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. वाचलेल्यांनी तेलघाणे चालवले आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून ते ‘शनिवार तेली’. भाषा मराठी, आडनावे गावांची : पेणकर, चेऊलकर, किहीमकर, दिवेकर.

४/१२
दुसरा समाज बगदादी ज्यूंचा. बगदाद आणि आसपासच्या प्रदेशांतून आलेली ही व्यापारी मंडळी मुंबई, पुणे, कोलकाता येथे स्थिरावली. दोन्ही समाजांचा धर्म एक, तरी संबंध नेहमी सलोख्याचे नव्हते. अनेक बगदादी कुटुंबे बेने इस्राएलांपासून अंतर राखून असत. वारशाचा उत्सव करताना ही अढी झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही.

५/१२
आता चित्रपट. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामती साकारली अण्णा साळुंके या पुरुषाने. त्या काळी प्रतिष्ठित हिंदू-मुस्लिम घरांतील स्त्रियांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहणे निंद्य समजले जाई. ही पोकळी ज्यांनी भरून काढली, त्यांत ज्यू आणि अँग्लो-इंडियन तरुणी अग्रभागी होत्या.

६/१२
पुण्यात जन्मलेली रुबी मायर्स ही टेलिफोन ऑपरेटर. पडद्यावर ती ‘सुलोचना’ झाली. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) मध्ये तिने आठ भूमिका केल्या. बोलपट आल्यावर तिला हिंदुस्थानी शिकावी लागली, आणि ती शिकली. १९२८ च्या मूकपटात आणि १९३५ च्या बोलपटात ती अनारकली होती. १९५३ च्या ‘अनारकली’त सलीमची आई. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिलाच मिळाला.

७/१२
एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम ही ‘प्रमिला’ झाली. १९४७ साली तिने ‘मिस इंडिया’ हा किताब मिळवला. फ्लोरेन्स इझिकेल ‘नादिरा’ झाली. ‘श्री ४२०’ मधील माया आणि ‘ज्युली’तील आई या तिच्या भूमिका आजही पाहता येतात. या तिघीही बगदादी परंपरेतल्या. पडद्यावरच्या एकीच्याही नावात मूळ ओळखीचा मागमूस उरला नाही.

८/१२
बेने इस्राएलांपैकी जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावर ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आधारलेला होता. १४ मार्च १९३१ रोजी तो मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. डेव्हिड अब्राहम चेऊलकर मात्र आपल्याला भेटतात : ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधील जॉन चाचा म्हणून. चौलच्या नावाचा हा ज्यू कलावंत पडद्यावर ख्रिस्ती म्हातारा झाला आणि फिल्मफेअर पुरस्कार घेऊन गेला.

९/१२
येथे एक रास्त आक्षेप संभवतो. या कलावंतांनी आपला धर्म मिरवला नाही. मग आज आपण त्यांच्यावर ‘ज्यू’ अशी चिठ्ठी का डकवावी? आक्षेप मला पटतो, पण अर्धाच. नाव बदलण्यात बाजाराची सक्ती होती आणि प्रेक्षकांनी आपलेसे करावे ही आकांक्षाही. प्रेक्षकांनी त्यांना खरोखर आपलेसे केले. परंतु आपलेपणाची किंमत म्हणून मूळ नाव विसरले जावे, हा सौदा न्याय्य नाही. दोन्ही नावे शेजारी-शेजारी उभी राहू शकतात.

१०/१२
आणि वेळ थोडा आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. डेव्हिड यांनीही अखेरची वर्षे कॅनडात काढली. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा समाज काही हजारांवर आलेला होता. दर्जा कागदावर मिळतो. स्मरण मात्र माणसांनी जागवावे लागते. रुबी, फ्लोरेन्स यांची कहाणी एकत्र सांगणारा ‘शालोम बॉलिवूड’ (२०१७) हा माहितीपटही अखेर ऑस्ट्रेलियातील डॅनी बेन-मोशे यांनी केला. आपण केला नाही.

११/१२
म्हणून महोत्सवाची माझी कल्पना साधी आहे. ‘बूट पॉलिश’, ‘श्री ४२०’, ‘अनारकली’ दाखवावेत आणि प्रत्येक खेळाआधी कलावंताचे मूळ नाव, गाव व समाज सांगावा. ‘आलम आरा’साठी एक खेळ राखून ठेवावा : चित्रपट नाही, म्हणून त्याची उरलेली छायाचित्रे आणि पेणकरांची गोष्ट. शेवटी समाजातील ज्येष्ठांनी मराठीत आपल्या आठवणी सांगाव्यात आणि मलिद्याचे ताट सर्वांपुढे फिरावे. पाहुणे म्हणून नव्हे, यजमान म्हणून हा समाज तेथे असावा.

१२/१२
तोवर एक काम आपल्या हाती आहे. घरातील आजी-आजोबांना विचारा : डेव्हिड आठवतात का? बहुतेक जण हसून ‘हो’ म्हणतील. मग विचारा : त्यांचे आडनाव काय? तेथे उत्तर अडखळले, तर ‘चेऊलकर’ एवढेच सांगा. महोत्सवाचा पहिला खेळ तुमच्या ओसरीवर झाला, असे समजा.