पदरचे पैसे आणि पहिली कादंबरी

गेल्या महिन्यात येथील महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीनंतर चहापान चालू असता माझ्या अप्रकाशित कादंबरीचा विषय निघाला. एक वडीलधारे निवृत्त अधिकारी मोठ्या आपुलकीने मला म्हणाले, "अहो, प्रकाशकांच्या नाकदुऱ्या काढत बसता कशाला? छापायला लागतात तरी किती? देऊन टाका आणि मोकळे व्हा. मुलीच्या लग्नाला पतपेढीचे कर्ज काढतोच ना आपण?" भोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या. त्यांच्या वयाचा मान राखून मी त्या वेळी गप्प बसलो. परंतु त्या सल्ल्यामागे जी समजूत आहे ती मराठी कादंबरीच्या मुळावर येणारी आहे. आणि आपल्यासारख्या परप्रांतात नोकरी करणाऱ्या पगारदार मंडळींत तिला फार मान आहे. म्हणून त्या सल्ल्याचे उत्तर येथे जाहीरपणे देत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : अनोळखी लेखकाने आपली पहिली कादंबरी प्रकाशकाला पैसे देऊन काढून घेऊ नये, ती कपाटात पडून राहिली तरी बेहत्तर.

प्रकाशक म्हणजे कोण, याचा आपण शांतपणे विचार करीत नाही. कागद आणणारा, जुळणी करणारा, छापणारा, बांधणी करणारा हे सारे आपापली मजुरी घेऊन मोकळे होतात. प्रकाशक त्यांच्याहून वेगळा ठरतो तो एकाच गोष्टीमुळे. दुसऱ्याच्या लेखनावर तो स्वतःचा पैसा आणि स्वतःचे नाव लावतो. पुस्तक पडले तर तो बुडतो. म्हणूनच छापण्यापूर्वी तो हस्तलिखित वाचतो, शंका काढतो, पाने कापतो, लेखकाशी भांडतो. त्याच्या निवडीला जी किंमत आहे ती या जोखमीमुळे आहे. लेखकाने पैसे दिले की जोखीम संपते, आणि जोखीम संपली की वाचण्याचे कारणही संपते.

१९३३ साली ह. वि. मोटे यांनी 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अज्ञात लेखिकेचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह काढला. लेखिका कोण याचा थांग महाराष्ट्राला नव्हता. टीकेचे मोहोळ मात्र उठले. १९६३ साली रा. ज. देशमुख यांनी पंचविशीतल्या भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' प्रकाशित केली. कादंबरीची तोवरची घडी मोडणारे ते पुस्तक खपेल याची हमी त्या दिवशी कोणी दिली असती? या दोन्ही प्रसंगी एका जाणत्या माणसाने अनोळखी नावावर पैज लावली, आणि मराठी गद्याचे वळण बदलले. लेखकाच्या खिशाकडे पाहून पुस्तके निवडली जाती, तर त्यांतले काय हाती आले असते याचा ज्याने त्याने विचार करावा.

फार काय, सरकारलादेखील हा भेद एके काळी कळत होता. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ साली झाले, तेव्हा त्यांतील आठव्या नियमाप्रमाणे नोकराला पुस्तक काढण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागे. मात्र पुस्तक निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय असून प्रकाशकामार्फत निघत असेल, तर ती अट नव्हती. पुढे या नियमात बदल झाले, ती गोष्ट निराळी. परंतु मध्ये प्रकाशक नावाचा एक परीक्षक उभा आहे, ही कल्पना त्या रूक्ष नियमालाही मान्य होती. आज आपण पैसे मोजून त्या परीक्षकालाच रजेवर पाठवीत आहोत.

आता माझा अनुभव सांगतो. माझ्या हस्तलिखिताला दोन उत्तरे आली. पहिले आठ दिवसांत आले. त्यात कादंबरीची तोंडभर स्तुती होती. 'ग्रामीण जीवनाचे अस्सल दर्शन' घडविल्याबद्दल अभिनंदन होते, आणि शेवटी साठ हजार रुपयांची मागणी होती. शिवाय पाचशे प्रतींपैकी तीनशे मीच विकत घ्यायच्या होत्या. माझी कादंबरी परप्रांतातील एका सरकारी वसाहतीत घडते. तिच्यात शेत नाही, बैल नाही, गावही नाही. पत्र लिहिणाऱ्याने पुडके सोडलेदेखील नव्हते. दुसरे उत्तर चौदा महिन्यांनी आले. ते नकाराचे होते. पत्राबरोबर परत आलेल्या हस्तलिखिताच्या समासांत पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि पत्रात एक वाक्य होते : आपली कादंबरी एकसष्टाव्या पानावर सुरू होते, तोवर आपण घसा साफ करीत आहात. ते वाचून मी संतापलो. दोन रात्री नीट झोप लागली नाही. तिसऱ्या रात्री हस्तलिखित काढून एकसष्टाव्या पानापासून वाचू लागलो, आणि तो गृहस्थ खरे बोलत होता हे मला कबूल करावे लागले. पहिल्या पत्राप्रमाणे मी साठ हजार भरले असते, तर ती साठ पाने आज छापील स्वरूपात माझ्या नावावर कायमची राहिली असती.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला मार्सेल प्रूस्तचा. त्याच्या महाकादंबरीचा पहिला भाग १९१३ साली ग्रासे या प्रकाशकाने लेखकाच्याच खर्चाने छापला, कारण आंद्रे जीद ज्या संस्थेत होता तिने तो नाकारला होता. गोष्ट खरी आहे. परंतु प्रूस्त धनिक होता. वेतनश्रेणीवर जगणारा नव्हता. शिवाय ज्यांनी नाकारले होते त्यांनीच पुढे चूक कबूल करून त्याला आपल्याकडे घेतले. अशा एका अपवादाच्या आडोशाने हजारो अपरिपक्व पुस्तके उभी राहतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मराठीतील लघुअनियतकालिकांची चळवळ लेखकांच्या पदरच्या पैशांवरच उभी राहिली, तिचे काय? तिच्यापुढे मी नम्र आहे. त्या मंडळींनी जे केले ते उघडपणे केले. चक्रमुद्रित पानांवर आपलेच नाव घालून त्यांनी जोखीमही आपल्याच शिरावर घेतली. ज्याला असे करायचे असेल त्याने खुशाल करावे. मुखपृष्ठावर 'प्रकाशक : लेखक स्वतः' असे छापावे, वाचक त्याचा न्याय करील. माझा राग आहे तो आतून पैसे लेखकाचे आणि बाहेरून शिक्का प्रकाशकाचा, या लपवाछपवीवर. तीत वाचकाची फसवणूक आहे, आणि लेखकाची त्याहून मोठी.

ही फसवणूक करारपत्रातही उतरते. फाइलींवर टिपणी लिहिण्यात आपले आयुष्य गेले, पण स्वतःच्या पुस्तकाचा करार आपण न वाचता सही करून परत पाठवितो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणूनच मला आलेल्या करारात 'कायमस्वरूपी' हा शब्द आणि सर्व भाषांतील अनुवादाचे हक्क न विसरता लिहिलेले होते. पैसे मी द्यायचे, तीनशे प्रती मी उचलायच्या, आणि हक्क मात्र त्यांचे!

परंतु सगळा दोष अशा प्रकाशकांवर टाकून आपण मोकळे होणार असू, तर तो अप्रामाणिकपणा होईल. प्रामाणिक प्रकाशक अनोळखी कादंबरीला हात लावायला कचरतो, कारण ती विकत घेणारा त्याला दिसत नाही. तो विकत घेणारा कोण असायला हवा होता? आपणच की नाही? बदलीच्या सामानात आपण तीन कपाटे नेतो; त्यांत विकत घेतलेली, ज्याचे नावही पूर्वी ऐकले नव्हते अशा लेखकाची कादंबरी किती घरांत आहे? ओळखीच्याचे पुस्तक निघाले की आपल्याला ते 'सप्रेम भेट' हवे असते. मंडळाच्या सभागृहात प्रकाशन समारंभ होतो, हार होतात, बटाटेवडे होतात, आणि पंचवीस प्रती फुकट वाटून लेखक घरी जातो. आठ दिवसांनी त्याला कोणी विचारीत नाही की सातव्या प्रकरणात त्या बाईने तसे का केले. या शांततेपेक्षा ते पेन्सिलीच्या खुणांचे नकारपत्र अधिक माणुसकीचे होते.

मग करावे काय? नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. जे पात्र असतील त्यांनी ती मार्गी अजमावावी. पण अनुदान वाचक निर्माण करीत नाही. प्रत्येक महाराष्ट्र मंडळाच्या ग्रंथालयाने वर्षाकाठी निदान पाच पहिल्या कादंबऱ्या रोख पैसे देऊन घ्याव्यात आणि त्यांपैकी एकीवर चर्चा ठेवावी. आपण प्रत्येकाने वर्षातून एक घ्यावी. आणि या मासिकाच्या संपादकांनाही माझी विनंती आहे. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ साली 'पुणे वैभव'मधून क्रमशः आली, तेव्हा लेखक अवघा एकविशीचा होता. एका नवख्याची कादंबरी वर्षभर आपल्या पानांतून चालू द्यावी. वाचकांना आवडली नाही तर तशी पत्रे छापावीत. लेखकाला त्यात जे शिक्षण मिळेल ते पैसे देऊन मिळणारे नाही.

माझे स्वतःचे म्हणाल, तर ती साठ पाने मी काढून टाकली आहेत. उरलेली कादंबरी रोज रात्री जेवणानंतर पुन्हा लिहितो आहे. ती पुन्हा पाठवीन. पुन्हा नकार आला, तर पुन्हा वाचून पाहीन. मंडळातील त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना माझे सांगणे इतकेच, की "देऊन टाका" हा आपला सल्ला मला मान्य आहे. फक्त ते पैसे आपण द्यावेत, पुस्तकाच्या दुकानात, कोणा अनोळखी लेखकाच्या पहिल्या कादंबरीसाठी. ती माझीच असावी असा माझा आग्रह नाही.