साचा एक, जीव दोन

दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी माझ्या कपाटातून दोन ट्रक निघतात. लाल-निळा ट्रक 1985 साली मामाने मस्कतहून आणला होता. तो ऑप्टिमस प्राइम. पांढरा, म्हणजे अल्ट्रा मॅग्नस, मी नोकरीला लागल्यावर जुनी खेळणी जमवणाऱ्या एका गृहस्थांकडून घेतला. दोघांना मऊ फडक्याने पुसून टेबलावर शेजारी शेजारी उभं करायचं, हे काम मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.

वाहनांचे रोबो होणाऱ्या ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांवर जीव असलेल्यांना या जोडीतली गंमत ठाऊक असते. मॅग्नसचा मोटारी वाहून नेणारा ट्रेलर उलगडला की त्याचं चिलखत होतं. ते उतरवलं की हातात उरतो पुढचा ट्रक, आणि तो प्राइमच निघतो, फक्त पांढरा! तोंडावर तीच पट्टी, छातीवर त्याच दोन खिडक्या. डोळे मिटून दोघांना रोबो करून पाहा. हात बाजूला फिरवायचे, मागचा भाग सरळ करून पाय करायचे, डोकं वर काढायचं. बोटांना फरक जवळजवळ कळतच नाही. डोळे उघडले की मात्र समोर दोन वेगळे जण उभे असतात.

रंग बदलून तेच खेळणं पुन्हा विकायचं, ही कंपन्यांची पैसे वाचवायची युक्ती, असं अनेकजण म्हणतात. त्यात तथ्य आहे. अशा खेळण्याच्या खर्चात पोलादी साचा सगळ्यात जड. एकेका सांध्यासाठी, खाचेसाठी पोलाद अचूक कोरावं लागतं. तो एकदा तयार झाला की वेगळ्या रंगाचे प्लॅस्टिकचे दाणे वितळवून त्यात दाबायचे, की नवं खेळणं बाहेर. बराचसा रंग प्लॅस्टिकच्या अंगातच असतो; वरून रंगकाम थोड्याच जागी होतं. पण साचा तोच म्हणून खेळणंही तेच, हे मला मान्य नाही.

मुळात ट्रान्सफॉर्मर्समधले बरेच रोबो जपानच्या ताकारा कंपनीच्या 'डायक्लोन' मालिकेतले. तिथे ती माणसांनी आत बसून चालवायची यंत्रं होती. प्राइमचं तिथलं नाव 'बॅटल कॉन्व्हॉय'. 1984 साली अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ती 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून आणली, तेव्हा आतला चालक गेला आणि यंत्राला स्वतःचा जीव आला. मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांनी यांतल्या बहुतेकांचे स्वभाव लिहिले आणि ते खोक्याच्या पाठीवर छापले गेले. त्याच वर्षी एफ-15 विमानाच्या एकाच साच्यातून तिघे जन्मले. राखाडी स्टारस्क्रीम म्होरक्याच्या गादीवर टपलेला. निळ्या थंडरक्रॅकरला आपल्याच पक्षाच्या लढाईबद्दल मनातून शंका. काळा-जांभळा स्कायवॉर्प दुसऱ्यांच्या खोड्या काढण्यात रमलेला. इतकी वर्षं झाली, पण या तिघांची गल्लत करणारा चाहता मला अजून भेटलेला नाही.

याच्या उलटही घडून गेलंय. 2002 साली अमेरिकेत प्राइम पुन्हा बाजारात आला तेव्हा मुलांना इजा होऊ नये म्हणून त्याच्या धुराच्या नळ्या आखूड केल्या होत्या. जुना-नवा शेजारी ठेवला की नळ्यांची उंची लगेच डोळ्यांत भरते. तरीही तो प्राइमच, कारण लाल आणि निळा जिथल्या तिथे होते. अंगात फरक पडला तरी माणूस तोच राहिला, आणि अंग तेच असून रंग बदलला तर दुसराच माणूस झाला.

1986 च्या ट्रान्सफॉर्मर्स चित्रपटाने हे ज्या धिटाईने दाखवलं, ते मी विसरू शकत नाही. प्राइम मरतो तेव्हा त्याचा लाल आणि निळा आपल्या डोळ्यांदेखत उतरत जातो आणि मागे करडं शरीर उरतं. मरण्यापूर्वी तो नेतृत्वाची खूण मॅग्नसच्या हाती सोपवतो. मॅग्नसला वाटतं, आपण साधे सैनिक, एवढा भार पेलण्याची आपली योग्यता नाही. चित्रपटातल्या मॅग्नसच्या आत दुसरा कुणी दिसत नाही. खेळण्यात मात्र दिसतो. ज्याला प्राइमची जागा घ्यायला संकोच वाटतो, त्याच्या चिलखताखाली प्राइमचीच हाडं आहेत.

म्हणून रंग बदलण्याला माझी हरकत नाही. रंग बदला, पण त्या रंगात नवं नाव घाला, स्वभाव घाला. उरलेल्या डब्यातला रंग फासून, वर फक्त 'मर्यादित आवृत्ती' एवढा शिक्का मारून खेळणं हाती देऊ नका. पोरं त्याच्याशी दोन दिवस खेळतात आणि तिसऱ्या दिवशी ते विसरतात. त्यात पोरांची चूक नाही, त्या खेळण्याची ओळखच त्यांना कुणी करून दिलेली नसते.

यंदा पुसून झाल्यावर पांढऱ्याला लगेच चिलखत चढवलं नाही. लालच्या शेजारी त्याला तसाच उभा केला. मामाने आणलेल्या प्राइमच्या खिडक्यांवर चरे पडलेत, छातीवरचा लाल कडेला घासून फिका झालाय. शेजारच्याच्या खिडक्या अजून स्वच्छ आहेत. दिवाळीचे चार दिवस दोघांना तसंच राहू दिलं. भाऊबीजेच्या रात्री एकेक भाग जुळवत पांढऱ्याला पुन्हा मॅग्नस केला, आणि दोघांना कपाटात एकाच खणात ठेवलं.