छायाप्रत ही चोरी नव्हे!

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रतिवादी कोण? दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील 'रामेश्वरी' हे झेरॉक्सचे दुकान आणि खुद्द दिल्ली विद्यापीठ. आरोप कोणता? अध्यापकांनी नेमून दिलेल्या ग्रंथांतील प्रकरणांच्या छायाप्रती एकत्र बांधून ते संच विद्यार्थ्यांना अल्प दरात दिले, हा!

लेखकांच्या हक्कांचे रक्षण करावयाचे आहे, असा प्रकाशकांचा पवित्रा होता. परंतु लेखकच त्यांच्या बाजूस नव्हते. अमर्त्य सेन यांनी या दाव्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. मार्च २०१३ मध्ये तीनशेहून अधिक अभ्यासकांनी दावा मागे घेण्याची मागणी केली. ज्यांचे लेखन त्या संचांत होते असे लेखकही त्यांत होते. यात नवल ते काय? संशोधकाचा निर्वाह बहुधा विद्यापीठाच्या वेतनावर होतो. ग्रंथाच्या नफ्यावर हक्क सांगते ते भांडवल. लेखकाचे नाव पुढे करून मक्तेदारी आपलाच गल्ला राखीत असते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ (१) (आय) शिक्षक वा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या पुनर्मुद्रणास मुभा देते. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी याच आधारावर दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने कलमाचा हा अर्थ मूलतः मान्य केला. किती पाने उतरविली हा प्रश्न नसून अध्यापनाला ती आवश्यक होती काय, हीच कसोटी ठरविली. तेवढ्या वस्तुस्थितीच्या तपासासाठी दावा परत पाठविला गेला. प्रकाशकांनी मात्र मार्च २०१७ मध्ये तो मागेच घेतला. परवाना-शुल्क वसूल करू पाहणाऱ्या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१७ रोजी फेटाळली.

न्यायालयात 'असीक' ही विद्यार्थ्यांची संघटना स्वतः पक्षकार म्हणून उभी राहिली, हे विसरता कामा नये. कलम कायद्यात पूर्वीपासूनच होते. त्यात प्राण ओतला तो संघटित प्रयत्नाने.

तथापि विजयाच्या आनंदात त्याची मर्यादा नजरेआड करणे घातक ठरेल. दिल्लीतील ते संच इंग्रजी ग्रंथांचे होते. खेड्यातून आलेल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी प्रकरणाची छायाप्रत फुकट मिळाली, तरी ज्ञानाचे दार अर्धेच उघडते. त्याच कायद्याचे कलम ३२ परदेशी ग्रंथांचे अध्यापनासाठी भारतीय भाषांत भाषांतर करण्याचा परवाना मागण्याची तरतूद करते. मालकाने परवानगी नाकारली तरी. मराठीसारख्या भाषेकरिता ग्रंथाच्या प्रथम प्रकाशनानंतर एका वर्षाने हा अर्ज करता येतो. किती विद्यापीठे या तरतुदीकडे वळून पाहतात?

म्हणून विद्यार्थी व शिक्षक आघाड्यांवरील साथींपुढे दोन कामे आहेत. दाव्याच्या धास्तीने ग्रंथालयाने राखीव पुस्तकांच्या छायाप्रती नाकारल्यास हे निकाल पुढे ठेवून तो हक्क बजावून घेणे. आणि नेमलेल्या ग्रंथांची भाषांतरे विद्यापीठाने स्वतः सिद्ध करावीत, यासाठी चळवळ उभारणे. ज्ञान समाजाच्या श्रमातून निर्माण होते. ते समाजाच्या भाषेत समाजाला परत मिळालेच पाहिजे!