व्हर्न थोर की वेल्स?

ज्यूल व्हर्न थोर की एच. जी. वेल्स, हा विज्ञानकथेच्या वाचकांतील फार जुना वाद आहे. आपल्या अभ्यासवर्गांतही तो अधूनमधून निघतो आणि त्याचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. व्हर्न मुलांचा लेखक; भा. रा. भागवतांनी तो मराठीत आणला, आपण तो शाळेत वाचला आणि मोठेपणी माळ्यावर टाकला. वेल्स मात्र 'आपला': समाजवादी, काही वर्षे फेबियन सोसायटीचा सभासद, लेनिनला भेटून आलेला. लेखकाच्या खिशातील सभासदपत्र पाहून त्याच्या साहित्याची प्रत ठरविण्याची ही रीत सोयीची खरी. पण तिने दोघांवरही अन्याय होतो, आणि या वादातून आपण जो धडा घ्यावयाचा तो नेमका निसटतो.

वादाची सुरुवात खुद्द व्हर्ननेच करून दिली. त्याने १८६५ साली आपले प्रवासी प्रचंड तोफेतून चंद्राकडे धाडले होते. वेल्सने १९०१ साली त्याच प्रवासासाठी गुरुत्वाकर्षण अडविणारा एक पदार्थच कल्पिला. मी पदार्थविज्ञानाचा आधार घेतो, हा गृहस्थ मनाला येईल ते निर्माण करतो, अशी तक्रार व्हर्नने १९०३ मध्ये एका मुलाखतीत केली. वेल्सनेही पुढे स्वच्छ सांगून टाकले की, व्हर्नप्रमाणे उद्याच्या शोधांचे भाकीत करणे हा आपल्या कथांचा हेतूच नव्हता. विज्ञानकथेचा गाभा विज्ञानाचाच असला पाहिजे, हा आग्रह आपल्याकडे जयंत नारळीकरांनीही धरला आणि तो रास्त आहे. परंतु केवळ याच कसोटीवर व्हर्नही पुरता उतरत नाही. त्याच्या तोफेतून खरोखर कोणी सुटला असता, तर पहिल्याच धक्क्यात त्याचा चेंदामेंदा झाला असता.

तेव्हा कसोटी दुसरी हवी. यंत्र कोणाच्या हाती आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न या दोघांना विचारून पाहावा. उत्तरे अनपेक्षित येतात.

व्हर्न काही क्रांतिकारक नव्हता. आमियाँ शहराच्या नगरपालिकेत बसणारा, सुव्यवस्थेची आवड असलेला तो मध्यमवर्गीय गृहस्थ होता. ज्यूंविषयीचे त्याच्या काळाचे पूर्वग्रह त्याच्या लेखनात उघड दिसतात. तरीही कॅप्टन नेमो त्याच्याच लेखणीतून उतरला. नेमो मूळचा पोलिश, रशियन झारशाहीने उद्ध्वस्त केलेला, असावा असे व्हर्नच्या मनात होते. प्रकाशकाला ते मानवले नाही. म्हणून १८७० च्या कादंबरीत नेमोचा देश अज्ञातच राहिला. पण त्याच कादंबरीत सिंहलद्वीपाजवळ मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्या एका गरीब पाणबुड्याला तो शार्कच्या जबड्यातून सोडवितो, मोत्यांची थैली त्याच्या हाती ठेवतो, आणि आपणही अशाच पिडलेल्यांच्या देशाचे आहोत असे सुचवितो. पुढे १८७५ मध्ये उलगडा झाला: नेमो म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात सर्वस्व गमावलेला. साम्राज्याच्या ऐन भरात एका युरोपीय लेखकाने जगातील सर्वांत प्रगत यंत्र एका पराभूत हिंदी बंडखोराच्या हाती दिले, ही गोष्ट लहान नव्हे.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नेमोच्या पाणबुडीवरील खलाशांना नावे नाहीत. ते राबतात, मरतात आणि प्रवाळांत पुरले जातात. पुढे १८८० साली व्हर्नने नानासाहेब पेशव्यांना आपल्या एका कादंबरीत आणले, ते मुख्यत्वे इंग्रज नायकाचा सूडाने पेटलेला शत्रू म्हणून. व्हर्नची सहानुभूती मोठी होती, पण ती एकाकी वीरापाशी थांबे. समूहापर्यंत पोचत नसे.

वेल्सचे नेमके उलट. तो खालून वर आला होता. आई एका जमीनदाराच्या वाड्यात नोकरांवर देखरेख करणारी, स्वतः कापडाच्या दुकानात उमेदवारी केलेला, पुढे शिष्यवृत्तीवर हक्स्लेच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेला. वाड्याच्या तळघरातील नोकरांचे जग त्याने डोळ्यांनी पाहिले होते. म्हणूनच १८९५ च्या 'टाइम मशीन'मध्ये आठ लाख वर्षांनंतरची माणसे दोन जातींत फुटलेली दिसतात: उजेडात बागडणारे नाजूक निरुद्योगी, आणि जमिनीखाली यंत्रांपाशी राबून राबून उजेडच विसरलेले श्रमिक. वर्गभेदाचे इतके भेदक चित्र आपल्या किती पुस्तिकांना साधले आहे? १८९८ साली त्याने मंगळावरून आक्रमक आणले, तेव्हा आरंभीच वाचकाला बजावले की, युरोपीयांनी टास्मानियातील माणसांचे जे केले तेच हे आपले करीत आहेत.

आणि याच वेल्सने १९०१ मध्ये भविष्यविषयक निबंधांचा ग्रंथ लिहिला. येणाऱ्या शतकाची सूत्रे तंत्रज्ञ व शास्त्रज्ञ यांच्या नव्या वर्गाकडे जातील असे त्यात भाकीत आहे. आणि शेवटी, काळ्या, तपकिरी, पिवळ्या लोकांपैकी जे या नव्या कार्यक्षमतेला पुरे पडणार नाहीत त्यांना जावे लागेल, असे शांतपणे नोंदविले आहे. टास्मानियासाठी कळवळलेली तीच लेखणी, अंतर अवघ्या तीन वर्षांचे! चार वर्षांनंतरच्या त्याच्या आदर्श राज्यात वंशद्वेषाला थारा नाही, हे खरे. पण तेथेही कारभार 'सामुराई' नावाच्या निवडक, व्रतस्थ जाणत्यांच्या हाती आहे.

पुढे वेल्स पुष्कळ बदलला. १९४० मध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यासाठी त्याने मनापासून खटपट केली, आणि ती त्याच्या नावावर जमा धरलीच पाहिजे. परंतु जाणत्यांच्या राज्यावरील त्याची श्रद्धा सुटली नाही. १९४१ साली जॉर्ज ऑर्वेलने या श्रद्धेवर नेमके बोट ठेवले: नियोजन, पोलाद, विमाने, राज्याश्रयाने चाललेले विज्ञान, वेल्सने इच्छिलेले यांपैकी बरेचसे हिटलरच्या जर्मनीत हजर आहे, फक्त ते भलत्याच कल्पनांच्या चाकरीत आहे. ऑर्वेल स्वतः समाजवादी होता, म्हणून हा आरोप घरातला आहे. त्याच्याही आधी वेल्सच्या रशियन अनुवादांचे संपादन करणाऱ्या झाम्यातिन या अभियंत्याने 'आम्ही' ही कादंबरी लिहून, गणिताच्या काटेकोरपणे चालणाऱ्या राज्यात माणसाचा केवळ क्रमांक कसा उरतो, ते दाखविले होते. क्रांतीच्या देशात ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले.

आता पुन्हा मूळ प्रश्न. थोर कोण? माझ्या मते कथाकार म्हणून वेल्स निःसंशय मोठा. पण त्याचा मोठेपणा त्याच्या कथांत आहे, कार्यक्रमात नाही. कथा लिहिताना तो तळघरात उतरला, कार्यक्रम लिहिताना मात्र वरच्या मजल्यावर जाऊन बसला. आणि व्हर्नला माळ्यावरून खाली काढण्याची वेळ झाली आहे.

हा निवाडा केवळ साहित्याचा नाही. जनतेच्या हिताचे काय ते जनतेपेक्षा आपल्याला अधिक कळते, हा वेल्सचा रोग आपल्या चळवळीलाही जडलेला आहे. धरणाच्या नकाशावर बुडणारे गाव ठिपक्याएवढे दिसते, आणि नकाशा 'आपल्या' तज्ज्ञाने काढला असला की तो ठिपका आपल्यालाही बोचत नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांविषयी हेच चालले आहे. ती काय करू शकतील याची चर्चा घरोघर आहे. ती कोणाच्या मालकीची, आणि त्यांच्यापायी कोणाचे काम व कोणाचा शब्द हिरावला जाणार, हे विचारणारे थोडे.

अभ्यासवर्गांनी हे दोन्ही लेखक पुन्हा वाचावेत. वाचताना लेखक कोणत्या गोटातला हे विचारू नये. त्याच्या उद्याच्या जगात जमिनीखाली कोण राहतो, आणि त्याला बोलता येते की नाही, एवढेच विचारावे. आपल्या पक्षाचे ठराव लिहितानाही प्रश्न हाच असावा.