पदराआडचा गोळा

आमच्या काकूचे पोट दीड वर्ष वाढत होते आणि आम्ही सारे ते पाहत होतो. कुणी वायगोळा म्हणाले, कुणी पाळी जाण्याचे वय म्हणाले. मी, शिकलासवरलेला पुतण्या, ओवा खायला सांगून मोकळा झालो. ती पदर सावरून भाकऱ्या थापत राहिली. बाईच्या पोटाची विचारपूस करायची ती फक्त ती गरोदर असताना, ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळली आणि तिच्या गप्प राहण्याला सोशिकपणा म्हणून मखरात बसवले. वाचकहो, आपल्यापैकी कुणाचे घर याला अपवाद आहे?

निदान झाले ते गिस्ट नावाच्या कर्करोगाच्या गाठीचे. ही गाठ बहुधा जठरात वा लहान आतड्यात होते. क्वचित, काकूसारखी, अन्नमार्गाबाहेर, आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या पडद्यात. तिथे ना अन्न अडते, ना शौचातून रक्त जाते. गोळा निमूट वाढतो आणि स्त्रियांमध्ये तो अंडाशयाचाही वाटू शकतो. आजारच मुका, आणि ज्या देहात तो वाढला त्यालाही आपण बोलू दिले नाही.

उपाय नव्हता, असे म्हणायची सोय आपल्याला नाही. यांतल्या बहुतेक गाठींमागे किट नावाच्या जनुकातला बिघाड असतो, हे जपानी संशोधकांनी १९९८ साली दाखवले. तो रोखणारी इमॅटिनिबची गोळी २००२ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्य झाली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावरचा पेटंटचा दावा फेटाळल्याने ती इथे स्वस्तात मिळत राहिली. गोळी सुरू करण्याआधी शस्त्रक्रियेने गोळा न फोडता अखंड काढायचा. फुटला तर पेशी पोटभर सांडतात. पण सुरी लागली की गाठ चिघळते, या ऐकीव भयाने आम्ही शस्त्रक्रिया तीन महिने लांबवली आणि अंगारे लावले. पुढे डॉक्टरांनी किमान तीन वर्षे रोज ४०० मिलिग्रॅम लिहून दिले, तर आठव्या महिन्यात ‘आता बरी आहेस की’ म्हणून घरानेच गोळी बंद केली. तिला आजाराचे नावही आम्ही सांगितले नव्हते. कशासाठी आहे हेच ठाऊक नसलेल्या गोळीसाठी तिने कोणाशी भांडायचे होते?

गोळा परत आला. काकू गेली.

या श्रावणात धाकट्या बहिणीने भरल्या पंगतीत सांगितले, पोटात जड वाटते. मान खाली घालून कुणी जेवत राहिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर सोनोग्राफीच्या रांगेत उभा होतो.