*ट्रक चालवता येतो म्हणून फवारणी यंत्र जमेलच का?*



धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हायवे एकमेकांना छेदतात. त्यामुळे ट्रक लाईनवर काम केलेले ड्रायव्हर आपल्याकडे गावोगावी आहेत. ट्रॅक्टरचं बूम फवारणी यंत्र आलं की आपण म्हणतो, "दहा वर्षं ट्रक चालवलाय त्याने, हे काय अवघड?" मला हे पटत नाही.

ट्रकवाल्याचं कसब कमी नाही. अर्धी भरलेली टाकी वळणावर कशी हिंदकळते, हे टँकरवाल्याला सांगावं लागत नाही. बांधावरून जाताना ते कामाला येतं. पण ट्रकचा वेग बदलला तर माल लवकर-उशिरा पोहोचतो. इथे वेग बदलला की *औषधाचा डोस बदलतो.*

हिशेब बघा. बूम १० मीटर, सगळे नोझल मिळून मिनिटाला २५ लिटर.
▪️ ताशी ४ किमी: एकर ६ मिनिटांत, १५० लिटर
▪️ ताशी ६ किमी: एकर ४ मिनिटांत, १०० लिटर

म्हणजे औषध तिसरा हिस्सा कमी पडलं. अळी मरत नाही, आपण दुकानदाराला दोष देतो आणि परत फवारतो.

यात ड्रायव्हरपेक्षा चूक आपली जास्त आहे. आपण मजुरी एकरावर देतो, मग तो पळवणारच. माझं स्पष्ट मत आहे, *मजुरी दिवसावर द्या.* रोज थोडा जास्त गेला तरी दुसऱ्या फवारणीचा खर्च वाचेल.

दुसरं, ट्रकला जड वाहनाचा परवाना लागतो. फवारणीवाल्याला आपण काहीच विचारत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-मजूर गेले. तिथे बहुतेक हातातले, पाठीवरचे पंप होते. पण उघड्या सीटवर बसलेला ड्रायव्हरही त्याच तुषारात असतो. हातमोजे, मास्क, चष्मा मालकानेच द्यावा.

पुढच्या फवारणीआधी एवढं करा:
१) साधं पाणी भरून ५० मीटर चालवा. ताशी ४ किमीला ४५ सेकंद लागले पाहिजेत.
२) प्रत्येक नोझलखाली बादली धरून एक मिनिटाचं पाणी मोजा.
३) गिअर आणि रेस ठरली की मध्ये बदलू नका.
४) वळताना बूम बंद, वारा वाढला की काम बंद.

ड्रायव्हर भाऊंनाही हा मेसेज दाखवा.

– आपला कृषी सल्लागार, देवपूर